तहानलेला उंदीर, झटक्याची नळी आणि डायझेपाम: कॉन्फ्लिक्ट टेस्ट नीट कशी लावायची

तहानलेल्या उंदराला पाण्याची नळी दिली की तो चाटत सुटतो. विसाव्या चाटण्याला नळीतून झटका बसला की झटकन मागे सरतो. कोपऱ्यात थबकतो, मिशा हलवत नळीचा अंदाज घेतो, अंग लांबवून पुढे येतो, चार-पाच वेळा चाटतो आणि पुन्हा मागे. डायझेपाम (बेंझोडायझेपाइन गटातलं चिंताशामक औषध) दिलेला उंदीरही तोच झटका खातो, दचकतोसुद्धा, पण काही सेकंदांत परत नळीशी हजर असतो. तीन मिनिटांत किती झटके खाल्ले, एवढंच या कॉन्फ्लिक्ट टेस्टमध्ये, म्हणजे तहान आणि झटक्याची भीती यांच्या ओढाताणीच्या टेस्टमध्ये, मोजायचं असतं.

मोजणं सोपं आहे. तो परत का गेला हे ठरवणं अवघड आहे. भीती कमी झाली म्हणून गेला, तहान वाढली म्हणून गेला, झटका कमी लागला म्हणून गेला, की आत्ताच काय झालं ते त्याच्या लक्षातच राहिलं नाही म्हणून गेला? चारही कारणांनी आकडा सारखाच वाढतो. म्हणून खाली मुख्य टेस्टइतकीच जागा जोडचाचण्यांना दिली आहे. (या लेखात उंदीर म्हणजे रॅट. माऊस वापरणार असाल तर करंट, डोस आणि नळीची उंची सगळं नव्याने बसवावं लागतं.)

कोणती टेस्ट, आणि का

या घराण्याची मूळ टेस्ट गेलर आणि सायफ्टर यांची, १९६० ची. त्यात उंदराला आधी लिव्हर दाबून गोड दूध मिळवायला शिकवतात. दूध सरासरी दोन मिनिटांतून एकदा मिळतं, त्यामुळे तो संथ पण सतत लिव्हर दाबत राहतो. मधूनच काही मिनिटं टोन वाजतो. टोन चालू असताना प्रत्येक दाबाला दूध मिळतं आणि प्रत्येक दाबाला पायाखालच्या ग्रिडमधून झटकाही बसतो. शिकलेला उंदीर टोन ऐकला की हात आखडता घेतो. मेप्रोबामेट आणि बार्बिट्युरेट (त्या काळची शामक औषधं) दिल्यावर टोनमधले दाब वाढले, ॲम्फेटामाइनने उलट कमी झाले. त्याच वर्षी लिब्रियम (क्लोरडायझेपॉक्साइड) बाजारात आलं, १९६३ मध्ये व्हॅलियम (डायझेपाम). पुढे या गटातली औषधं चाळायला हीच पद्धत रुळली.

तिची अडचण वेळेची. उंदीर तयार व्हायला कित्येक आठवडे जातात आणि तेवढा काळ त्याचं वजन पोटभर खाण्याच्या वजनाच्या ८० ते ८५ टक्क्यांवर धरून ठेवावं लागतं. १९७१ मध्ये व्होगेल, बीअर आणि क्लोडी यांनी प्रशिक्षण न लागणारी सोपी पद्धत दिली: तहानलेला उंदीर, चाटायची नळी, तीन मिनिटं. एम.फार्म.च्या प्रबंधाला मिळणारा वेळ पाहता आपल्याकडे बहुतेकांना हीच परवडते.

पण सोयीची किंमत मोजावी लागते. गेलर-सायफ्टरमध्ये एकाच उंदराच्या एकाच बैठकीत झटक्याचे आणि बिनझटक्याचे असे दोन्ही दाब मिळतात. औषधाने उंदीर सुस्त झाला तर बिनझटक्याचे दाबही पडतात आणि ते लगेच दिसतं. व्होगेलमध्ये ही आतली तुलना नाही. ती वेगळे गट लावून बाहेरून आणावी लागते, आणि नेमकी तीच वेळ आणि उंदीर वाचवण्यासाठी गाळली जाते.

एक सावधगिरी. आपल्या फार्माकॉलॉजी लॅबमध्ये कुक्स पोल असतोच, म्हणून काही जण त्यावरच चिंताशामक तपासतात. घंटा वाजली की खांबावर चढून झटका टाळायचा, ही टाळायला शिकण्याची टेस्ट आहे. क्लोरप्रोमाझिनसारखी मनोविकारावरची औषधं तिथे टाळणं बंद पाडतात, पण प्रत्यक्ष झटका बसल्यावर उंदीर पळून खांब गाठतोच. डायझेपाम तिथे टाळणं पाडतं तेव्हा बहुधा पळणंही पडतं, कारण उंदीर झोपाळलेला आणि पायांनी ढिला झालेला असतो. कुक्स पोलवरून चिंताशामक गुण सिद्ध होत नाही.

परवानगी आणि उंदीर

उंदरांच्या कामाला संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची मंजुरी लागते. अर्ज सीसीएसईएच्या (प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणारी केंद्रीय समिती, पूर्वीची सीपीसीएसईए) फॉर्म बी वर करायचा. त्यात पाणी किती तास बंद, करंट किती, झटका किती सेकंद, एका उंदराला जास्तीत जास्त किती झटके आणि प्रयोग कधी थांबवणार हे आकड्यांत लिहा. ‘सौम्य शॉक’ असं मोघम लिहिलं की अर्ज परत येतो, आणि यायलाच हवा. डायझेपाम शेड्यूल एच-१ मध्ये आहे, शिवाय एनडीपीएस (अमली पदार्थांच्या) कायद्याखाली सायकोट्रॉपिक पदार्थ आहे. साठ्याची वही आणि कुलूप या दोन्ही गोष्टी औषध येण्याआधी तयार हव्यात.

विस्टार किंवा स्प्राग-डॉली जातीचे रॅट, १८० ते २२० ग्रॅम, एका गटात ८ ते १०. नर आणि मादी दोन्ही घेतले तर गटांत समान वाटा. मादीच्या ऋतुचक्राने आकडे हलतात. आल्यावर किमान सात दिवस स्थिरावू द्या, १२ तास उजेड आणि १२ तास अंधार, तापमान २२ अंशांच्या आसपास. शेवटचे चार-पाच दिवस रोज प्रत्येकाला हातात घ्या. दोनदा नुसतं सलाइन टोचा. ज्या उंदराने सुई पहिल्यांदाच पाहिली, तो औषधाच्या आधीच घाबरलेला असतो, आणि मग टेस्ट औषधाची होते की सुईची हे सांगता येत नाही.

यंत्र: उंदीर ठेवण्याआधी अर्धा तास

डबा पारदर्शक ॲक्रिलिकचा, तळाला स्टीलच्या सळ्यांचं ग्रिड, सळ्या साधारण ४ ते ५ मि.मी. जाड आणि मध्यापासून मध्यापर्यंत सव्वा सें.मी.च्या आत. अंतर जास्त असलं तर पाय घसरतो आणि कमी असलं तर लेंडी अडकते. एका भिंतीतून स्टीलची नळी आत येते. उंदीर ग्रिडवर उभा राहून नळीला जीभ लावतो तेव्हा मंडल पूर्ण होतं आणि काउंटर एक चाटणं मोजतो. मोजणीचा हा करंट इतका सूक्ष्म हवा की उंदराला जाणवूच नये. झटका याच वाटेने, नळी आणि ग्रिड यांच्यामध्ये येतो. उंदीर मागे सरला की झटका तुटतो.

झटक्याचं यंत्र स्थिर करंटचं हवं. ओल्या पंजांचा आणि कोरड्या पंजांचा रोध वेगळा असतो. स्थिर व्होल्टेजच्या यंत्रात एकाला चटका आणि दुसऱ्याला गुदगुल्या होतात. तपासणी सोपी आहे. नळी आणि ग्रिडमध्ये १० किलोओहमचा रेझिस्टर लावा, ०.५ मिलिअँपिअरवर मीटर ५ व्होल्ट दाखवायला हवा. मग १०० किलोओहमचा लावा, ५० व्होल्ट यायला हवेत. दुसऱ्या वेळी २० वरच अडकला तर तुमचं यंत्र स्थिर करंटचं नाही, तबकडीवर काहीही छापलेलं असो. उंदीर आत असताना ही तपासणी करायची नाही.

दुसरी तपासणी काउंटरची. उंदीर सेकंदाला सहा-सात वेळा चाटतो, म्हणजे न थांबता चाटला तरी तीन मिनिटांत बाराशेच्या आसपास. काउंटर तीन हजार दाखवत असेल तर ते चाटणं नव्हे. नळीच्या टोकाला पाण्याचा थेंब लोंबकळतोय आणि मिशी लागली तरी मोजलं जातंय, किंवा संपर्क थरथरून एकाचे तीन होतायत. झटक्यांनाही अशीच कमाल आहे: वीस चाटण्यांना तीन सेकंद लागतात, तेव्हा तीन मिनिटांत साठच्या वर झटके जाणं शक्यच नाही.

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात एक वेगळीच कटकट असते. दमट हवेत ॲक्रिलिकवर ओलाव्याचा पातळ थर बसतो, त्यात मूत्र, आणि सळ्यांच्या टोकांपाशी करंट झिरपतो. डायलवर ०.५ आणि उंदराला ०.२. प्रत्येक उंदरानंतर ट्रे काढा, सळ्या ओल्या फडक्याने आणि मग ७० टक्के अल्कोहोलने पुसा, आणि पूर्ण वाळू द्या. अल्कोहोलचा वास राहिला तर उंदीर नळीजवळ जायला कचरतो. सळ्या जिथे भिंतीत जातात ती भोकं कानाच्या काडीने साफ करा. गळती बहुतेक तिथूनच होते.

औषध: चुका इथे सर्वात जास्त होतात

डायझेपाम पाण्यात विरघळत नाही. बाजारातलं ५ मि.ग्रॅ. प्रति मि.ली.चं इंजेक्शन प्रोपिलीन ग्लायकॉल, अल्कोहोल आणि बेंझिल अल्कोहोलमध्ये असतं. ते सलाइनने पातळ केलं की सिरिंज दुधाळ होते. तो दुधाळपणा म्हणजे औषध बाहेर पडतंय. तसंच टोचलं तर काही उंदरांना बरंच आणि काहींना जवळजवळ काहीच मिळत नाही. त्यात कंट्रोल गटाला साधं सलाइन दिलं की तुलना आणखी बिघडते, कारण ग्लायकॉल आणि अल्कोहोलचा स्वतःचा परिणाम कंट्रोलला मिळालेलाच नसतो.

त्यापेक्षा शुद्ध पावडर घ्या. खलात थोडी पावडर, ट्वीन-८० चा (पावडर पाण्यात मिसळायला मदत करणाऱ्या द्रवाचा) एक थेंब, आणि गुळगुळीत पेस्ट होईपर्यंत घोटा. मग ०.५ टक्के सीएमसीचं (कार्बॉक्सीमिथाइल सेल्युलोजचं) द्रावण (१०० मि.ली. पाण्यात अर्धा ग्रॅम) थेंबाथेंबाने घालत वाढवा. एकदम ओतलं तर गुठळ्या होतात आणि त्या पुढे सुटत नाहीत. कंट्रोललाही हेच सीएमसी आणि हाच ट्वीन. प्रत्येक वेळी सिरिंज भरण्याआधी बाटली हलवा. नाही हलवली तर पावडर तळाशी बसते, पहिल्या उंदरांना कमी आणि शेवटच्यांना जास्त औषध जातं. आकडे नंतर पाहिले तर ‘दुपारी औषध चांगलं काम करतं’ असा भास होतो.

पाण्यात विरघळणारं हवं असेल तर क्लोरडायझेपॉक्साइड हायड्रोक्लोराइड सोयीचं. उजेडात खराब होतं, म्हणून त्याच दिवशी बनवा आणि बाटलीला फॉइल गुंडाळा.

डोसचे साधारण पल्ले: डायझेपाम १ ते २ मि.ग्रॅ. प्रति किलो पोटात, टेस्टच्या ३० मिनिटे आधी. ५ च्या पुढे उंदीर सुस्त होतो आणि झटके परत कमी होतात, म्हणजे डोसचा आलेख उलट्या यूसारखा वळतो. क्लोरडायझेपॉक्साइड ५ ते १० मि.ग्रॅ. प्रति किलो. हिशेब असा: उंदीर २१२ ग्रॅम, डोस २ मि.ग्रॅ. प्रति किलो, द्रव २ मि.ली. प्रति किलो. म्हणजे द्रावण १ मि.ग्रॅ. प्रति मि.ली. आणि या उंदराला ०.४२ मि.ली. सगळ्या डोसना द्रव सारखाच ठेवा, बदलायची ती फक्त तीव्रता. सुई २५ गेजची, पोटाच्या उजव्या खालच्या भागात. डावीकडे सीकम (मोठ्या आतड्याची पिशवी) असतं आणि सुई त्यात गेली की औषध आतड्यातच राहतं. टोचण्याआधी दट्ट्या किंचित मागे ओढून पाहा.

अश्वगंधा, ब्राह्मी, जटामांसीचे अर्क तोंडाने देणाऱ्यांसाठी एक खास सूचना. नळीने १० मि.ली. प्रति किलो द्रव दिला म्हणजे २०० ग्रॅमच्या तहानलेल्या उंदराला २ मि.ली. पाणी पाजलं. तहान तिथेच बरीच भागते आणि झटके कमी होतात. द्रव ५ मि.ली. प्रति किलोच्या आत ठेवा आणि कंट्रोललाही तेवढाच द्या. उलट बाजूने, अर्कात क्षार जास्त असले किंवा तो लघवी वाढवत असला तर तहान वाढते आणि चिंताशामक गुण नसतानाही आकडा फुगतो.

तीन दिवस

पहिल्या दिवशी सकाळी दहाला वजन करा आणि पाण्याची बाटली काढा. खाणं राहू द्या. तहानलेला उंदीर कोरडं खाणं आपोआप कमी करतो.

दुसऱ्या दिवशी दहाला उंदराला डब्यात ठेवा, नळी चालू, झटका बंद, पाच मिनिटं. त्याला नळी सापडली पाहिजे, हा या बैठकीचा उद्देश. पाच मिनिटांत शंभर चाटणीही न झालेले उंदीर इथेच वगळा. हा नियम आधी लिहून ठेवायचा आणि गट पाडण्याआधी वापरायचा. गट पाडल्यावर ‘हा पीतच नाही’ म्हणून उंदीर काढणं म्हणजे निकाल हाताने घडवणं. मग उरलेल्यांना दुसऱ्या दिवसाच्या चाटण्यांप्रमाणे गटांत समान वाटा आणि घरच्या पिंजऱ्यात १०-१५ मिनिटं पाणी देऊन बाटली पुन्हा काढा. सलग ४८ तास कोरडं ठेवण्याची जुनी पद्धत आहे, पण मध्ये थोडं पाणी दिल्याने निकाल बिघडत नाही आणि उंदीर बरा राहतो.

तिसऱ्या दिवशी वजन. सुरुवातीच्या वजनापेक्षा १५ टक्क्यांहून जास्त घट असेल तर तो उंदीर बाहेर, लगेच पाणी. बाकीच्यांना औषध, ३० मिनिटं वाट, मग डबा. पहिली वीस चाटणी होऊन पहिला झटका बसला की घड्याळ सुरू, तीन मिनिटं, दर विसाव्या चाटण्याला झटका, एक सेकंदापर्यंत. डब्याशी बसणाऱ्याला कोणत्या बाटलीत काय आहे ते माहीत नसावं. बाटल्यांवर अ, ब, क, ड, आणि किल्ली दुसऱ्याकडे. गट आळीपाळीने घ्या: सकाळी सगळा कंट्रोल आणि दुपारी सगळं डायझेपाम असं कधीच नाही. टेस्ट संपली की त्याच क्षणी पाणी.

करंट पुस्तकातून उचलू नका. बिनऔषधाच्या चार-सहा उंदरांवर ०.३ पासून चढत जा. कंट्रोल उंदीर तीन मिनिटांत चार ते दहाच्या आसपास झटके घेतात तो करंट धरा. शून्य किंवा एक येत असेल तर भीती इतकी जास्त की कोणतंही औषध ती उचलू शकणार नाही. वीसच्या वर जात असेल तर वर जायला जागाच उरलेली नाही. एक हुशार उंदीर असतोच जो मागचे पाय ग्रिडच्या प्लास्टिक कडेवर ठेवून पाणी पितो. काउंटर शांत, उंदीर खूश. कडेला उतार द्या.

झटके वाढले, आता पुढे

*तहान.* बेंझोडायझेपाइन उंदराचं खाणं आणि पिणं दोन्ही वाढवतात, घाबरण्यासारखं काही नसतानाही. म्हणून वेगळ्या उंदरांना तेच औषध देऊन झटक्याविना तीन मिनिटं चाटू द्या. इथे एक खाच आहे. पूर्ण तहानलेला उंदीर तसाही कमाल वेगाने चाटत असतो, त्यामुळे औषधाने तहान वाढली तरी आकड्यात दिसत नाही आणि ‘तहानेवर परिणाम नाही’ असं खुशाल लिहिलं जातं. हीच चाचणी सहा-आठ तासांच्या तहानेवर पुन्हा करा. तिथे वाढ दिसली तर मुख्य निकालातली किती वाढ तहानेची, हा प्रश्न अंगावर घ्यावाच लागतो.

*वेदना.* हॉट प्लेट ५५ अंशांवर, पंजा चाटेपर्यंतचा वेळ, ठरलेल्या कटऑफला उंदीर उचलायचाच. त्याहून नेमकं म्हणजे त्याच ग्रिडवर करंट हळूहळू चढवून दचकण्याचा उंबरठा पाहणं, कारण गरम तव्याची वेदना आणि झटक्याची वेदना एक नव्हे. वनस्पतींच्या अर्कांत वेदनाशामक गुण वारंवार निघतो, म्हणून त्यांच्यासाठी ही चाचणी ऐच्छिक नाही.

*सुस्ती.* रोटारॉड (फिरत्या दांड्यावर तोल) आणि ॲक्टोफोटोमीटर (हालचालींची मोजणी). डोस असा निवडा की झटके वाढतात पण रोटारॉडवरून उंदीर पडत नाही. नवख्या उंदराच्या पहिल्या डोसला सुस्ती भीतीवरचा परिणाम झाकू शकते. १९६८ मध्ये मार्ग्युलिस आणि स्टाइन यांनी ऑक्झाझेपामवर हे दाखवलं: पहिल्या डोसांना बिनझटक्याचं वर्तन पडलं, तीन-चार डोसांनंतर सुस्ती ओसरली आणि झटक्याखालचं वर्तन वर आलं. दोन्ही परिणामांची सवय सारख्या वेगाने लागत नाही. वेळ असेल तर चार-पाच दिवस रोज डोस देऊन शेवटच्या दिवशी टेस्ट करा.

*वेग.* संथ वर्तन अनेक औषधांनी वाढतं आणि जोराचं वर्तन पडतं, हे पीटर ड्यूज यांच्या कबुतरांवरच्या १९५० च्या दशकातल्या कामातून पुढे आलं. झटक्याने दडपलेलं चाटणं हे मुळातच संथ वर्तन, मग ते औषधाने वाढलं यात भीतीचा काय संबंध, अशी शंका परीक्षक घेऊ शकतो. उत्तर ॲम्फेटामाइनचं आहे: ते बिनझटक्याचं संथ वर्तन वाढवतं, पण झटक्याने दडपलेलं वाढवत नाही. नकारात्मक कंट्रोल म्हणून एक गट त्याच्यासाठी ठेवलात तर या वादातून सुटाल.

*जागा.* औषध बेंझोडायझेपाइनच्या जागीच काम करतंय का हे ती जागा अडवणाऱ्या फ्लुमाझेनिलने कळतं, १० मि.ग्रॅ. प्रति किलो, टेस्टच्या १०-१५ मिनिटे आधी. उंदरात ते लवकर ओसरतं, म्हणून तासभर आधी देऊन उपयोग नाही. एकट्या फ्लुमाझेनिलचा गटही लावा. अर्काने झटके वाढले आणि फ्लुमाझेनिलने उतरले नाहीत, तर वाट वेगळी असू शकते, किंवा वर सांगितलेली तहान आणि वेदना असू शकते. बस्पिरोन (बेंझोडायझेपाइन नसलेलं चिंताशामक) इथे कधी गुण दाखवतं, कधी नाही. फ्लुओक्झेटिनसारख्या नैराश्यावरच्या औषधांचा एक डोस सहसा काहीच दाखवत नाही. तेव्हा टेस्ट कोरी गेली म्हणजे औषध चिंताशामक नाही, असं लिहू नका.

आणि विसर

बेंझोडायझेपाइन नवीन आठवण बसू देत नाहीत. ऑपरेशनआधी मिडाझोलाम टोचलेल्या रुग्णाला पुढचं काही आठवत नाही, तेच उंदरातही. म्हणून ‘घाबरत नाही’ आणि ‘आठवत नाही’ यांची फारकत करायला पॅसिव्ह अव्हॉइडन्स लावा.

डब्याचे दोन खण, एक उजेडाचा आणि एक काळोखाचा, मध्ये खाली-वर होणारं दार. उंदराला उजेडात ठेवा, ३० सेकंदांनी दार उघडा. चारही पाय काळोखात गेले की दार पाडा आणि ०.५ मिलिअँपिअर, २ सेकंद, एकदाच. अर्धा मिनिट आत राहू द्या, मग घरी. २४ तासांनी झटका बंद करून तीच मांडणी, आणि आत जायला किती सेकंद लागतात ते मोजा, कटऑफ ३०० सेकंद. दार पाडताना शेपटीकडे लक्ष ठेवा.

सगळी गोम औषध कधी दिलं यात आहे. शिकण्याच्या ३० मिनिटे आधी डायझेपाम दिलं तर दुसऱ्या दिवशी उंदीर लवकर आत जातो. शिकल्यावर लगेच दिलं तर साधारण तसं होत नाही, म्हणजे बसलेली आठवण ते पुसत नाही, बसू देत नाही. पण एवढ्यावर थांबलात तर फसाल. शिकताना औषधाच्या अमलात होता आणि तपासताना शुद्धीवर. कदाचित आठवण आहे, पण त्या अवस्थेशी बांधलेली. ओव्हरटन यांनी १९६४ मध्ये पेंटोबार्बिटलवर दाखवलेली हीच गोष्ट. त्यामुळे चार गट लागतात: शिकताना व्हेइकल (औषधाविना तेच द्रावण) आणि तपासताना व्हेइकल, व्हेइकल आणि औषध, औषध आणि व्हेइकल, औषध आणि औषध. शेवटचा गट काळोख टाळत असेल तर आठवण शाबूत आहे आणि अडथळा अवस्थेचा. तोही बिनधास्त आत गेला तर दोन शक्यता उरतात, विसर किंवा त्याच दिवशीचं निडरपण. निवाडा दुसरा गट करतो, जो शुद्धीत शिकला आणि फक्त तपासताना औषधावर आहे. तो आत गेला तर औषधाने ऐन वेळी भीती किंवा आठवणं दाबलं. तो थबकला तर शेवटच्या गटाचं जाणं विसराचं.

शिकण्याच्या दिवशी आत जायला लागलेला वेळही नोंदवा. डायझेपामने उजेडाची उपजत भीती कमी होते, म्हणून औषधाचा उंदीर पहिल्याच दिवशी रेंगाळतो किंवा वेगळाच वागतो. गटांत तो वेळ सारखा नसेल तर दुसऱ्या दिवशीची तुलना लंगडी. व्होगेलचे उंदीर इथे पुन्हा वापरू नका. त्यांना झटका कुठून येतो हे आधीच ठाऊक आहे.

आकडे

झटक्यांची संख्या ही मोजणी आहे, ती एका बाजूला कललेली असते आणि एखाद-दुसरा उंदीर चाळीस झटके खाऊन सरासरी ओढून नेतो. सरासरीवर छोटी एसईएमची (सरासरीच्या प्रमाण त्रुटीची) काठी काढून हे झाकलं जातं. प्रत्येक उंदराचा ठिपका दाखवा, मध्यक द्या, क्रुस्काल-वॉलिस (क्रमांकांवर आधारलेली गटांची तुलना) आणि मग डनची तुलना फक्त कंट्रोलशी. एनोव्हाच हवं असेल तर आधी वर्गमूळ घ्या. पॅसिव्ह अव्हॉइडन्समध्ये ३०० सेकंद हा आकडा नाहीच, तो ‘किमान ३००’ आहे. अर्धा गट कटऑफवर बसलेला असताना सरासरी काढणं निरर्थक. लॉग-रँक लावा, जशी रुग्णांच्या जगण्याच्या काळासाठी लावतात.

वहीत प्रत्येक उंदरासमोर दोन्ही दिवसांचं वजन, मोकळ्या बैठकीतली चाटणी, औषधाची वेळ, डब्यात ठेवल्याची वेळ, पहिल्या झटक्यापर्यंतचे सेकंद, झटके, एकूण चाटणी, त्या सकाळी रेझिस्टरवर मोजलेले व्होल्ट आणि खोलीची आर्द्रता. पहिल्या झटक्यापर्यंतचा वेळ बरेच जण लिहीत नाहीत, पण सुस्ती आणि तहान दोन्हींचा पहिला इशारा तोच देतो: झटका अजून बसलेलाच नाही, तेव्हा त्या काळात औषधाने आणलेल्या फरकाचं श्रेय झटक्याची भीती कमी झाल्याला देता येत नाही. लेखात करंट, झटक्याचा काळ, किती चाटण्यांना एक झटका आणि पाणी किती तास बंद हे चारही आकडे छापा. ‘डायझेपाम गटाने सरासरी १४ झटके घेतले’ हे त्यांच्याशिवाय दुसऱ्या लॅबला वाचताच येत नाही.